शेतकऱ्याच्या वार्धक्यास महागाई भत्ता

सुगी संपली, माल बाजारात गेला, देणी भागली आणि तरीही चार पैसे शिलकेस पडले, तर ते ठेवावे कोठे, हा प्रश्न ज्यांच्यापुढे उभा राहतो अशा शेतकऱ्यांची संख्या फार मोठी नाही हे आम्ही जाणून आहोत. कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याविषयी पुष्कळ लिहिले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु ज्याच्याजवळ थोडीबहुत पुंजी साठते त्याच्याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. जणू काय शिल्लक पडली म्हणजे त्याची काळजी संपली. वास्तविक त्याची खरी काळजी तेथूनच सुरू होते. द्राक्षाच्या वा उसाच्या एखाद्या भरघोस सालात, किंवा रस्त्यासाठी जमीन गेल्यामुळे मोबदल्याच्या रूपाने, एकदम मोठी रक्कम हाती आलेली कुटुंबे आमच्या वाचकांच्या पाहण्यात असतीलच. त्यांपैकी काहींनी ती रक्कम लग्नकार्यात व मोटारगाडीत उडविली, त्यांची कथा निराळी. ज्यांनी ती जपून ठेवली त्यांचे पुढे काय झाले, याचाच विचार आज करावयाचा आहे.

आमच्या परिचयाचे एक वृद्ध बागाईतदार आहेत. सन २००५ च्या सुमारास त्यांची काही जमीन सरकारी कामासाठी गेली. मुलगे शहरात नोकरीस. घरी नवराबायको दोघेच. त्यांनी मोबदल्याची सारी रक्कम बँकेत मुदत ठेवीत घातली, व्याजावर प्रपंच चालवावयाचा असा नेम केला आणि मुदलास कधी हात लावला नाही. जुन्या शहाणपणाप्रमाणे पाहिले तर याहून निर्दोष वर्तन कोणते? प्रारंभी त्या व्याजात घरखर्च, औषधपाणी, आल्यागेल्याचा पाहुणचार आणि वारीचा खर्च भागून काही उरतही असे. आज मुद्दल अगदी तितकेच आहे, व्याज तर पूर्वीहूनही थोडे कमी मिळते, आणि त्यात वाणी व औषधवाला यांची बिले भागविता भागविता वर्षअखेर मुलाकडे हात पसरावा लागतो. "पैसा कोठे गेला म्हणावे? मी तर एक रुपयाही मोडला नाही," असे ते आम्हांस म्हणाले. पैसा कोठेही गेला नव्हता. तो जागच्या जागी आटला होता.

हा आटण्याचा वेग किती असतो हे आकड्यांनी पाहणे बरे. दहा लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षास सत्तर हजार व्याज येते. महागाई वर्षास सहा टक्क्यांनी वाढत गेली, तर बारा वर्षांत वस्तूंच्या किमती दुप्पट होतात, आणि तेच सत्तर हजार त्या वेळी आजच्या पस्तीस हजारांचे काम करितात. वीस वर्षांनी ते बावीस हजारांपेक्षाही कमी योग्यतेचे ठरतात. मुदलाचे दहा लाख सवातीन लाखांच्याही खाली येतात. साठाव्या वर्षी शेती मुलांच्या स्वाधीन केलेल्या माणसास वीस वर्षांचे आयुष्य म्हणजे काही अचाट गोष्ट नव्हे.

आता याच गावातील निवृत्त शिक्षकाकडे किंवा जुन्या नियमांचे निवृत्तिवेतन घेणाऱ्या तलाठ्याकडे पाहावे. त्याच्या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता वर्षातून दोन वेळा फेरतपासला जातो, आणि तो ज्या निर्देशांकावर ठरतो तो चढला की भत्ताही चढतो. आम्ही नोकरदारांचा हेवा करीत नाही. त्यांनी तो हक्क संघटनेच्या बळावर मिळविला आहे. परंतु शेतकऱ्याच्या म्हातारपणास असा भत्ता देणारा कोणी धनी नाही. त्याने तो स्वतःच्या पैशाने विकत घ्यावा म्हटले, तर तो विकत मिळण्याचे एक साधन जगात निघाले आहे, व ते म्हणजे महागाईशी बांधलेले बचतरोखे. हे रोखे आपल्या देशात एकदा विक्रीस आले, काही महिने राहिले आणि गेले. शेतकऱ्यांपैकी बहुतेकांस ते आल्याचेही कळले नाही. ते पुन्हा सुरू व्हावेत आणि शेतकऱ्यास सोयीचे पडतील अशा रीतीने व्हावेत, असे आमचे मत असून त्याची कारणे व त्यांतील खाचखळगे पुढे मांडीत आहोत.

या कल्पनेत नवे असे काही नाही. आपल्या वाडवडिलांनी ती निराळ्या रूपाने पाळलीच होती. बलुतेदारास त्याचे बलुते रोकड पैशांत न देता खळ्यावर धान्याच्या रूपाने देत असत, त्यामुळे धान्य महागले म्हणून लोहार-सुताराचे पोट मारले जात नसे. सालगड्याच्या बोलीत रोख रकमेबरोबर ज्वारीचे माप ठरविलेले असे. सुखवस्तू घरातील पेव हीसुद्धा महागाईशी बांधलेली ठेवच होती. बाजार चढला की पेवातील दाण्याचे मोल आपोआप चढे. मात्र त्या ठेवीस कीड लागे, ओल लागे, आणि पेव उघडताना आतील कोंदट हवेने माणसेही दगावत. कागदाच्या रोख्यास निदान हा धोका नाही.

रोख्याच्या रूपाने ही कल्पना प्रथम अमलात आल्याचे जे उदाहरण प्रसिद्ध आहे, तेही धान्याच्याच मापाचे आहे. सन १७८० मध्ये, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध चालू असता, तेथील कागदी चलन इतके घसरले होते की सैनिकांच्या पगारास काही अर्थच राहिला नव्हता. तेव्हा मॅसॅच्युसेट्स संस्थानाने आपल्या सैनिकांस असे रोखे दिले की, त्यांची फेड पाच बुशेल मका, सुमारे साडेअडुसष्ट पौंड गोमांस, दहा पौंड मेंढीची लोकर आणि सोळा पौंड जोड्याच्या तळाचे चामडे यांची त्या दिवशी एकत्र जी किंमत असेल तिच्या प्रमाणात कमीजास्त व्हावी. आजचे निर्देशांक शेकडो वस्तूंचे भाव जमवून काढतात, पण मूळ युक्ती तीच आहे.

त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे या युक्तीचा सामान्य माणसास फारसा उपयोग झाला नाही. सन १९७५ मध्ये इंग्लंडात महागाई वर्षास चोवीस टक्क्यांवर गेली आणि म्हाताऱ्या लोकांची बचत डोळ्यांदेखत वितळू लागली. तेव्हा तेथील सरकारने केवळ निवृत्तीच्या वयाच्या लोकांसाठी किरकोळ भावांच्या निर्देशांकाशी बांधलेली बचतपत्रे काढली. लोक त्यांस लाडाने 'आजीबाईचे रोखे' म्हणत. सन १९८१ पासून ती सर्व वयाच्या लोकांस खुली झाली. पुढे २०११ मध्ये नवी विक्री बंद झाली. अमेरिकेने सन १९९८ च्या सप्टेंबरात घरगुती बचतीसाठी 'आय' या अक्षराने ओळखले जाणारे रोखे सुरू केले, आणि ते आजतागायत चालू आहेत.

या अमेरिकन रोख्यांची रचना आम्हांस पुष्कळ अंशी अनुकरणीय वाटते. अवघ्या पंचवीस डॉलरांपासून ते घेता येतात आणि एका माणसास वर्षाला दहा हजार डॉलरांची मर्यादा आहे; म्हणजे ही सोय धनिकाच्या कोट्यवधींसाठी नसून गृहस्थाच्या शिलकेसाठी आहे. व्याजाचे दोन भाग असतात. एक भाग खरेदीच्या दिवशी ठरतो व तीस वर्षे बदलत नाही. दुसरा भाग ग्राहक मूल्य निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, मे व नोव्हेंबर या महिन्यांत, नव्याने जाहीर होतो. भाव उतरले तरी एकंदर व्याज शून्याच्या खाली जात नाही, त्यामुळे मुद्दल कधी घटत नाही. पहिले वर्षभर रोखा मोडता येत नाही. पाच वर्षांच्या आत मोडला तर शेवटच्या तीन महिन्यांचे व्याज सोडावे लागते. व्याज रोख्यातच साचत राहते, आणि त्यावरील केंद्रीय आयकर रोखा मोडीपर्यंत लांबणीवर टाकता येतो. सन २०२२ च्या मे महिन्यात महागाई भडकली तेव्हा या रोख्यांचा दर ९.६२ टक्क्यांवर गेला होता. परंतु यावरून भुलून जाऊ नये. जो स्थिर भाग सन २००० च्या मे महिन्यात ३.६० टक्के होता, तोच पुढे कित्येक वर्षे शून्य ठेवण्यात आला होता. अशा वर्षी रोखा घेणाऱ्याचा पैसा महागाईपासून वाचला खरा, पण वाढला मात्र नाही.

आता आपल्याकडील हकीकत. सन १९९७ च्या डिसेंबरात भारत सरकारने सहा टक्के व्याजाचे पाच वर्षांचे रोखे काढले, त्यांत फक्त मुद्दल घाऊक भावांशी बांधलेले होते. तो व्यवहार मोठ्या संस्थांचा होता, सामान्य घरास त्याची वार्ताही नव्हती. सन २०१३ च्या जून महिन्यापासून पुन्हा घाऊक भावांशी बांधलेले दहा वर्षांचे रोखे लिलावाने विकण्यात आले. परंतु आमच्या विषयाशी खरा संबंध आहे तो त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी रिझर्व्ह बँकेने खुल्या केलेल्या राष्ट्रीय बचतरोख्यांचा. हे खास घरगुती बचतीसाठी होते व किरकोळ ग्राहक भावांच्या निर्देशांकाशी बांधलेले होते. कमीत कमी रक्कम पाच हजार, जास्तीत जास्त सुरुवातीस वर्षाला पाच लाख. मुदत दहा वर्षे. व्याज म्हणजे महागाईचा दर अधिक दीड टक्का, सहामाही चक्रवाढीने साठवून शेवटी एकदम द्यावयाचे. भाव उतरले तरी दीड टक्का पक्का. पासष्ट वर्षांवरील माणसास एक वर्षानंतर व इतरांस तीन वर्षांनंतर थोड्या दंडाने मोडण्याची सवलत होती. मार्च २०१४ अखेर विक्री थांबली, आणि तेव्हापासून हे रोखे पुन्हा विक्रीस आलेले नाहीत. प्रतिसाद अगदीच अल्प होता.

अल्प का, हे समजण्यास फार विद्वत्ता नको. विक्री निवडक बँकांकडे सोपविलेली, आणि त्या बँकांस स्वतःच्या ठेवी गोळा करावयाच्या. दुसऱ्याचे बियाणे आपल्या दुकानात ठेवून ते खपविण्याची हौस कोणत्या दुकानदारास असते? शिवाय त्या वेळी बँकाही दीर्घ ठेवीवर साडेआठ ते नऊ टक्के देत होत्या. हातचे नऊ टक्के सोडून, पुढे महागाई किती होईल त्यावर अवलंबून असणारे व्याज पत्करावे, असे फार थोड्यांस वाटले.

आणि येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की ज्यांनी ते पत्करले नाही ते त्या दहा वर्षांपुरते फायद्यात राहिले. रोखे निघाले तेव्हा किरकोळ महागाई नुकतीच अकरा टक्क्यांवर जाऊन आली होती. वर्षभरातच ती पाच टक्क्यांच्या खाली उतरली. दहा वर्षांची सरासरी पाच टक्क्यांच्या घरात धरून हिशेब केला, तर लाख रुपयांच्या रोख्याचे मुदतीअखेर अजमासे १,९०,००० रुपये होतात. तेच लाख रुपये त्या वेळी पावणेनऊ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी बांधून टाकले असते तर २,३७,५०० झाले असते. हा फरक लहान नाही, आणि रोख्यांचा पुरस्कार करणाऱ्याने तो लपवू नये.

परंतु ज्या साली पाऊस चांगला झाला त्या साली विहीर बांधण्याचा खर्च फुकट गेला, असे आपण म्हणतो काय? सन २०१३ मध्ये महागाई उतरणार हे कोणास ठाऊक होते? ती अकरा टक्क्यांवरच राहती, तर नऊ टक्क्यांचा ठेवीदार दरवर्षी दोन टक्के गमावीत गेला असता. शिवाय आपल्यापैकी कितीजण दहा वर्षांसाठी ठेव बांधतात? एकदोन वर्षांची ठेव ठेवून ती फिरवीत राहण्याचीच चाल आहे. अशा ठेवीदारास सन २०२० मध्ये काय मिळाले ते पाहावे. त्या वर्षी महागाई सहा टक्क्यांवर होती, आणि मोठ्या बँका दीर्घ मुदतीवरही साडेपाच टक्क्यांच्या आसपास देत होत्या. म्हणजे ठेव ठेवण्याबद्दल ठेवीदारच भाडे भरीत होता. दहा वर्षांची बेरीज कोणाच्या बाजूची निघेल, हे आधी सांगता येत नाही. परंतु एका पक्षी नुकसान बांधलेले आहे आणि दुसऱ्या पक्षी ते बेहिशेबी आहे. तरण्या माणसाने जोखीम घ्यावी, त्यास भरून काढण्यास हंगाम आहेत. म्हाताऱ्यास पुढचा हंगाम नाही.

काही वाचक विचारतील, शेतकऱ्यास महागाईचे भय कशाला? महागाई म्हणजे आमच्याच मालाचे भाव चढणे. आम्ही तर विकणारे. हा आक्षेप कसणाऱ्या तरुण शेतकऱ्याच्या तोंडी काही अंशी शोभतो, परंतु पूर्णपणे नव्हे. सर्वसाधारण भाव चढतात तेव्हा आपल्याच पिकाचा भाव चढेल असा नेम नसतो. सन २०१५ मध्ये तुरीच्या डाळीने शहरात हाहाकार उडविला. पुढल्या हंगामात सर्वांनी तूर पेरली आणि सन २०१७ च्या आरंभी ५,०५० रुपये क्विंटल हा हमीभाव असताना बाजारात त्याच्या पुष्कळ खाली ती विकावी लागली. त्या वर्षी डिझेल, मजुरी, शाळेची फी यांपैकी काही उतरले होते काय? आणि ज्याने नांगर खाली ठेवला त्या वृद्धाची गोष्ट तर अगदीच निराळी. तो आता बाजारात विकणारा नाही, घेणाराच आहे.

दुसरा आक्षेप आमच्या एका विचारी मित्राने घेतला, व तो आम्हांस अधिक वजनदार वाटतो. सरकारने महागाईशी बांधलेले कर्ज काढले, की महागाई दाबण्यात सरकारचा स्वार्थ वाढतो. आणि महागाई दाबणे म्हणजे आपल्याकडे प्रायः कांदा, डाळ, गहू, साखर यांचे भाव दाबणे. सन २०१२ हे पायाभूत वर्ष धरून काढलेल्या ग्राहक मूल्य निर्देशांकात खाद्यपेयांचा भार ४५.८६ टक्के होता, ग्रामीण भागापुरता पाहिला तर ५४.१८ टक्के. अशा निर्देशांकास खाली ओढण्याचा सोपा उपाय शेतकऱ्याच्या पोटावरूनच जातो. सन २०२३ च्या ८ डिसेंबरास कांद्याची निर्यात बंद झाली व ती पुढल्या वर्षाच्या मे महिन्यापर्यंत बंद राहिली, हे नाशिककडील वाचकांस सांगावयास नको. मग आपणच रोखे मागून आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा काय? याचे उत्तर आम्ही असे देतो की, असे रोखे नसतानाच निर्यातबंदी होते; ती शहरी मतांसाठी होते. घरगुती बचतीच्या लहानशा कर्जाने तीत फार भर पडेल असे आम्हांस वाटत नाही. तरी हा आक्षेप पूर्णतः खोडला गेला, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

निर्देशांक कोणता असावा हा मुद्दा पुष्कळांस रुक्ष वाटेल, पण सारे मर्म त्यातच आहे. घाऊक भावांचा निर्देशांक सन २०१५ मध्ये वर्षभर आदल्या वर्षाहून खालीच होता. त्याच काळात किरकोळ महागाई मात्र पाच टक्क्यांच्या आसपास चालू होती. म्हणजे घाऊक भावांशी बांधलेल्या रोख्यास वाढ शून्य, आणि घरात खर्च चढताच. इंग्लंडातही जुन्या बचतपत्रांचे नूतनीकरण करिताना सन २०१९ पासून सरकारने आधीचा निर्देशांक सोडून सामान्यतः कमी वाढणारा निर्देशांक लावला. माप बदलणे सरकारच्या हाती असते, हे रोखा घेणाऱ्याने विसरू नये. आपल्या मागणीत ग्रामीण ग्राहक मूल्य निर्देशांक असावा, आणि एकदा घेतलेल्या रोख्याचे माप मुदत संपेपर्यंत बदलू नये असा स्पष्ट करार असावा.

कराची गोष्टही शेतकऱ्याने नीट समजून घेतली पाहिजे, कारण शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही या सवयीने तो व्याजाच्या बाबतीत गाफील राहतो. व्याजावर आयकर आहे, आणि महागाईची भरपाई म्हणून मिळणारा भागही कायद्याच्या दृष्टीने व्याजच ठरतो. सन २०१३ च्या रोख्यांस यातून काही सूट नव्हती. कर कसा पोखरतो ते साध्या ठेवीवरूनच पाहावे. लाख रुपये सात टक्क्यांनी ठेवून व्याजावर दरसाल वीस टक्के कर भरला, तर वीस वर्षांनी हाती सुमारे २,९७,००० येतात. महागाई सहा टक्के असेल, तर मूळच्या लाखाची योग्यता टिकविण्यासच ३,२०,७०० हवेत. वीस वर्षे पोट मारून साठविले, सरकारास कर भरला, आणि अखेरीस मूळची रक्कमही पुरती परत आली नाही. झीज भरून देण्यास उत्पन्न म्हणणे आणि त्यावर कर घेणे अन्यायाचे आहे. महागाईइतका भाग करमुक्त ठेवून वरच्या दीड टक्क्यावर खुशाल कर घ्यावा.

आता सर्वांत मोठी अडचण. व्याजावर जगणाऱ्यास हे रोखे पहिल्या दिवशी फार कंजूष वाटतात. दहा लाखांवर ठेवीचे सत्तर हजार मिळतात. महागाईची वाढ मुदलात सोडून नुसता दीड टक्का घ्यावयाचा, तर वर्षास पंधरा हजार. एवढ्यावर कोण जगेल? त्यामुळेच वृद्ध माणूस ठेवीकडे वळतो, आणि वर दाखविल्याप्रमाणे फसतो. कारण त्या सत्तर हजारांतील बहुतेक भाग व्याज नसून आटणारे मुद्दलच असते, ते तो नकळत खात असतो. यावर मार्ग एकच: मुद्दल उघडपणे आणि मापाने खावे. दहा लाखांच्या रोख्यांतून महागाई अधिक दीड टक्का मिळत असेल आणि वीस वर्षांत ते संपवावयाचे ठरविले, तर आजच्या भावाने वर्षास अठ्ठावन्न हजार रुपये मिळत राहतील, आणि महागाई वाढेल तशी ही रक्कमही रुपयांत वाढत जाईल. सत्तर हजारांपासून आरंभ करून बावीस हजारांच्या योग्यतेपर्यंत उतरत जाणे, किंवा अठ्ठावन्न हजारांच्या योग्यतेवर अखेरपर्यंत स्थिर राहणे, यांतून निवड करावयाची आहे. पहिल्या मार्गात मुलांसाठी घसरलेले मुद्दल मागे राहते, दुसऱ्यात काही राहत नाही. मुलांस जमीन दिलीच आहे. ठेव आपल्या म्हातारपणाची, असे ज्याचे मन घेत असेल त्याने दुसरा मार्ग पत्करावा. मुदलास हात लावणे म्हणजे पाप, ही समजूत चांदीच्या रुपयाच्या काळातील आहे. पण २०१३ च्या रोख्यांत असे वर्षावर्षाला थोडे काढण्याची सोयच नव्हती, सारे दहा वर्षांनी एकदम. सत्तर वर्षांच्या माणसाने ते का घ्यावेत?

सोन्याविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर घरोघरच्या गृहिणी आम्हांस दोष देतील. सोने महागाईत टिकते हा अनुभव खोटा नाही, आणि अलीकडे त्याने मोठी झेप घेतली आहे. परंतु सन २०१२ च्या अखेरीस दहा ग्रॅमला तीस हजारांवर असलेले सोने सन २०१५ मध्ये पंचवीस-सव्वीस हजारांपर्यंत उतरले होते, आणि त्याच काळात किराणा मात्र उतरला नव्हता. सोन्याचा भाव जगाच्या भीतीवर चालतो, आपल्या वाण्याच्या वहीवर नव्हे. सरकारने सन २०१५ च्या नोव्हेंबरापासून विकलेले सुवर्णरोखेही २०२४ च्या फेब्रुवारीनंतर नव्याने निघालेले नाहीत.

तोवर करावे काय? किसान विकास पत्राच्या नावात किसान आहे, पण महागाईशी त्याचा काही करार नाही; एप्रिल २०२३ पासून ठरलेल्या साडेसात टक्के दराने ते ११५ महिन्यांत दुप्पट होते, मग त्या काळात भाव दुप्पट होवोत वा तिप्पट. रिझर्व्ह बँकेचे सन २०२० पासूनचे बदलत्या दराचे बचतरोखे त्यातल्या त्यात जवळचे नातलग म्हणता येतील. मुदत सात वर्षे, व्याज सहामाही हाती, आणि दर राष्ट्रीय बचत पत्राच्या दराहून ०.३५ टक्का अधिक, तोही दर जानेवारी व जुलैत नव्याने ठरणारा. महागाई चढल्यास सरकार बचतीचे दर चढवील या आशेवर ते उभे आहेत, वचनावर नव्हे. ज्यांस ठेवच बरी वाटते त्यांनी निदान एवढे करावे की सारे व्याज खर्च न करिता महागाईइतका भाग पुन्हा मुदलात घालावा. सात टक्क्यांतील सहा टक्के परत ठेवावयाचे म्हटल्यावर खऱ्या मिळकतीचे दर्शन होते आणि ते कडू असते. जमीन विकून मात्र कोणताही कागद घेऊ नये, मग तो महागाईशी बांधलेला असो वा नसो. आम्ही बोलतो आहोत ते शिलकेच्या पैशाविषयी, व त्यातही पुढील दहा वर्षांत ज्यास हात लावावा लागणार नाही अशाच भागाविषयी. विहिरीची मोटार जळाली तर रोखा मोडावा लागेल, अशी ज्याची स्थिती आहे त्याने अगोदर दोन हंगामांचा खर्च साध्या ठेवीत बाजूस काढावा.

आमची सूचना अशी आहे की, संघाच्या येत्या वार्षिक सभेपुढे या विषयाचा एक ठराव यावा. रोखे पुन्हा सुरू करावेत, एवढेच म्हणून भागणार नाही. ते जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांत व गावच्या टपाल कचेरीत मिळावेत, सन २०१३ प्रमाणे वर्षअखेरच्या घाईत नव्हे तर माल विकून पैसा हाती असतो त्या दिवसांत, आणि दरवर्षी न चुकता. साठ वर्षांवरील माणसास दर सहामाहीस ठराविक भाग काढून घेण्याची मुभा असावी. निर्देशांक व कर यांविषयी वर लिहिलेच आहे. व्याजाचा स्थिर भाग दीडऐवजी एक टक्का मिळाला तरी चालेल, परंतु या सोयी हव्यात, असे आमचे मत आहे. इतर सभासदांचे मत निराळे असू शकेल. ज्या वाचकांनी सन २०१३-१४ मध्ये ते बचतरोखे प्रत्यक्ष घेतले होते, त्यांनी मुदतीअखेर, म्हणजे सन २०२३-२४ मध्ये, हाती किती रक्कम आली, कर किती कापला गेला आणि बँकेत किती हेलपाटे पडले हे आम्हांस सविस्तर लिहून कळवावे. ती पत्रे ठरावाच्या मसुद्यास जोडता येतील.